मिनिटाला तीन

रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही.
सकाळी सातला ब्रिजिडनं माझं पोट भादरलं,
निळ्या रेझरनं,
मँगेरेत कालपासून सुटलेल्या वाऱ्याबद्दल बोलत बोलत.
मग ती पट्टी चिकटवली, थंडगार, लवचीक,
बरगडीपासून बेंबीपर्यंत नुसते ठिपके.
"आता चार तास हलायचं नाही, केलेपी.
बोलायचंही नाही शक्यतो. पोटाला बोलू द्या."
मी हसलो,
आणि पडद्यावरची रेघ बिघडली.

माझं पोट माझ्याआधी दारातून आत येतं,
त्याला बोलायला कधी पट्टी लागली नाही.
दवाखान्याच्या काट्यावर चढलो
तर आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा.
म्हणून विमानतळावर, रात्रपाळीत, बेल्ट बंद असताना
सामानाच्या काट्यावर उभा राहिलो बूट काढून.
एकशे अडुसष्ट.
जड बॅगेला आम्ही लाल पट्टी लावतो :
उचलताना गुडघे वाकवा.

यंत्र ऐकत होतं.
मोठ्या वळणावर, वरच्या अंगाला, एक जागा असते म्हणे.
तिथून लाट सुटते आणि खाली उतरते,
वीस सेकंदांना एक. मिनिटाला तीन.
भूक असो, नसो.
आपण झोपलो तरी.
(माझ्या बेल्टवर बॅगाही जवळपास त्याच चालीनं येतात.)

मग ओट्सची वडी आणि व्हॅनिलाचं गोड पाणी,
दहा मिनिटांत संपवायचं.
अर्ध्यातच घशाशी आलं.
ब्रिजिडनं माझ्याकडे पाहिलं, मग वडीकडे.
टॅबलेटवर बटणं होती :
गच्च वाटतंय, मळमळ, जळजळ, ढेकर.
लाज नावाचं बटण नव्हतं.

सासऱ्यांच्या मयताला तीन दिवस जमिनीतली चूल पेटती होती.
नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, डुक्कर, रताळी.
मी तिथे नको म्हटलं असतं
तर मेलेनाइतेच्या सगळ्या मावश्यांनी
माझा नाही, तिच्या बापाचा अपमान झाला असं धरलं असतं.
तेव्हाही अर्ध्यातच घशाशी आलं होतं.
तेव्हाही मी संपवलं.

बहिणीनं दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह करून घेतलं.
लुपे आता चर्चला पिवळा झगा घालते,
सगळे तिला वळून बघतात.
भजन संपल्यावर ती हॉलमागे जाऊन ओकते,
हे तिनं फक्त मला सांगितलंय
आणि मी ते पोटात ठेवलंय.
चार तास मला एकच धास्ती :
सहासष्ट ठिपक्यांना तेही दिसेल.

डॉक्टर हेझलडीननी कागद माझ्याकडे फिरवला.
"लाट कधी दोन, कधी साडेतीन. जेवल्यावर जोर धरायला हवा,
तो धरत नाही.
आणि स्लीव्हमध्ये आपण नेमकी हीच बाजू कापून टाकतो."
पेनचं टोक त्यांनी त्या वळणावर ठेवलं आणि उचललंच नाही.
"माझा कल बायपासकडे.
पण हे काही पंचांग नाही. आम्हीही अजून वाचायला शिकतोय.
निर्णय तुमचाच."

मी विचारलं, म्हणजे मी खादाड नव्हतो?
ते म्हणाले, हा प्रश्न हे यंत्र विचारत नाही.

गाडीत बसलो. पोटावर चिकटपणा तसाच,
शर्ट ओढला की केस उपटल्यासारखं होत होतं.
लुपेला फोन लावला.
म्हटलं, तूही करून घे ही चाचणी.
"माझं उरलंय काय मोजायला?" ती म्हणाली.
मग दोघंही गप्प.
तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता.
वीस सेकंद झाली असतील,
कदाचित चाळीस.

"पत्ता पाठव," ती म्हणाली,
"आणि आईला काही बोलू नकोस."